सोमवारची धाप

परवानगी तुम्ही दिलीत. दिल्लीतल्या थंडगार खोलीत बसून दिलीत की मुंबईतल्या, ते कुणी सांगत नाही. तुमचं नावही कुणी सांगत नाही. विचारलं की लोक बोट वर करतात. वर म्हणजे तुम्ही. जिवंत माणसाच्या छातीत हात घालायची मोकळीक कुणीतरी तुमच्याकडं मागितली, आणि समोरचा चहा निवायच्या आत तुम्ही हो म्हणालात. त्या होकाराचं पुढं काय झालं ते बघायला तुम्ही कधी इकडं फिरकला नाहीत. तेव्हा आता बसा आणि ऐका. गोष्ट कृष्णात सुताराची आहे, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या बायकोची, वैजयंताची.

कृष्णात शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला होता. फेटलिंग म्हणजे ओतून थंड झालेल्या लोखंडी मालाला चिकटलेली वाळू आणि धारा ग्राइंडरनं घासून काढायच्या. गडी सकाळी काळा आत जायचा आणि संध्याकाळी पांढरा बाहेर यायचा. मास्क मिळत होता. वैशाखात भट्टीशेजारी तो मास्क लावून एक पाळी करून दाखवा, मग मास्कबद्दल बोला. चाळिशी उलटली तेव्हा त्याची फुफ्फुसं सुकलेल्या दोडक्यासारखी झाली होती. जाळी ताठ, आत वाळू. जिना चढताना मध्येच बसायचा आणि कुणी बघितलं तर चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचा.

वैजयंता त्याच फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये. लोखंडी मालात जिथं पोकळी हवी तिथं आधी वाळूचा ठोकळा बसवतात, तो ठोकळा बनवायचं काम बायकांचं. तिचे हात दिवसभर वाळूतच. एका सकाळी कृष्णात ग्राइंडरवरच कोसळला, तेव्हा ती वाळूच्या हातांनीच धावत गेली.

दवाखान्यात त्याला थोडी शुद्ध होती. तिचं मनगट धरून तो म्हणाला, "वैजे, नळ्या घालू देऊ नको. शिंद्याच्या बापाला घातल्या, तीन महिनं लोंबकळत ठेवला. मला तसं नको."

डॉक्टर म्हणाले, आत्ता ठरवा. तिनं नळ्यांना संमती दिली. दुसरं काय करायला पाहिजे होतं तिनं?

त्याला जिथं नेलं ते केंद्र कागलच्या पुढं, हायवेला लागून होतं. नाव मोठं, इंग्रजी, दारावर निळ्या अक्षरांत. लोकांनी त्याचं दमघर करून टाकलं. फुकट होतं. औषध फुकट, खाट फुकट, रोग्याच्या नातेवाइकाला दुपारचं जेवणसुद्धा फुकट. गिरणीतला, खाणीतला, खडीच्या क्रशरवरचा माणूस, ज्याला जिल्ह्यातलं कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करत नव्हतं, त्याला दमघर गाडी पाठवून घेऊन जायचं.

आता पेटीचं समजून घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. रोग्याच्या मानेतल्या मोठ्या शिरेत एक जाड नळी घालतात. काळपट रक्त तिच्यातून बाहेर येतं आणि खाटेशेजारच्या पेटीत शिरतं. पेटीत केसाएवढ्या बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. धाग्यांच्या आतून प्राणवायू वाहतो, बाहेरून रक्त. धाग्याची भिंत अशी की वायू आरपार जातो, रक्त जात नाही. रक्त प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि लालभडक होऊन माणसात परत जातं. फुफ्फुसांना सुट्टी. तेवढ्या वेळात नव्या औषधानं फुफ्फुसातले चट्टे विरघळायचे, वर्षभरात जाळी पुन्हा मऊ व्हायची आणि पेटी सोडायची, असा बेत.

माणूस गुदमरतो तो बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडला म्हणून नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तो जरा वाढला की मेंदू घाबरतो आणि छाती भात्यासारखी हलायला लागते. पेटीतून वायू भरपूर सोडला तर कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, माणूस तान्ह्या पोरासारखा शांत पडतो. वायू थोडा आवळला की धाप. एक खटका इकडं, एक खटका तिकडं. पेटी चालवणाऱ्याच्या हातात माणसाची भीती असते.

शिरोलीत साप्ताहिक सुट्टी सोमवारी. त्यामुळं वैजयंता आणि तिची सासू दर सोमवारी दमघरात जायच्या. सासूला ती आत्ती म्हणायची. दुपारी जेवणं झाली की नातेवाइकांना आत सोडत.

लांबच लांब हॉल होता. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेशेजारी पेटी, पेटीवर हिरवा दिवा. पहिल्या सोमवारी वैजयंता आत शिरली आणि दारातच थबकली. सगळा हॉल धापत होता. गोठ्यात आग लागल्यावर जनावरं करतात तसा आवाज. त्यातही एकाचीसुद्धा धाप दुसऱ्यासारखी नव्हती. एक भराभर, एक तुटक, एक मध्येच थांबून मग एकदम. ऐकणाऱ्याला कुठं ताल सापडेना, आणि ताल न सापडल्यामुळं तिच्या स्वतःच्याच छातीत काहीतरी चुकल्यासारखं व्हायला लागलं.

कृष्णातनं तिच्याकडं बघितलं. डोळे मोठे झालेले. बोलायला तोंड उघडलं, पण शब्दापुरता श्वास नव्हता.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. नर्स म्हणाली, "नातेवाईक आले की पेशंट एक्साइट होतात. होतं असं."

मग एप्रिलात एका सोमवारी वैजयंताला ताप होता. आत्ती एकट्याच गेल्या. परत आल्या त्या तरंगतच. "आज लेकरू लई ब्येस होतं! बोललं माझ्यासंगं. जेवलीस का विचारलं. धाप न्हाई, काय न्हाई." आणि मग चुलीकडं बघत, हळूच, "आज तू न्हवतीस न्हवं."

वैजयंता गोधडीत पडून ऐकत होती.

त्याच्या पुढच्या सोमवारी दोघी गेल्या, आणि धाप होती. आत्तींनी बसमध्ये तिच्या शेजारी बसायचं टाळलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "तुला बघितलं की त्याचा जीव घाबरा होतोय. त्यानं न्हाई म्हणून सांगटलं असताना तू नळ्या घातल्यास. माणूस इसरत न्हाई आसलं."

तिलाही तेच वाटत होतं. त्याचे ते मोठे झालेले डोळे तिनं रागाचे धरले. तरी काही महिने ती जात राहिली, खाटेपासून लांब, खांबाआड उभी राहून. तरीही तो धापायचाच. दसऱ्यानंतर तिनं जाणंच सोडलं. डबा आत्तींच्या हाती द्यायची, आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायची, की आजही धाप होतीच. आत्ती मात्र आता रोजच म्हणायच्या, तुझीच हवा लागली असंल त्याला, माझ्या अंगावरनं जाती तिकडं. द्वेषाला पुरावा लागत नाही, पण इथं तर पुरावाही होता.

दिवाळी झाल्यावर एका आठवड्यात विजेच्या लाइनचं काम निघालं आणि फौंड्रीनं सोमवारची सुट्टी रविवारी दिली. आत्ती लेकीकडं गेल्या होत्या. त्याचे धुतलेले कपडे तेवढे दारात देऊन परतायचं, असं ठरवून वैजयंता कागलच्या बसमध्ये चढली.

दमघरात शांतता होती. इतकी, की तिला वाटलं सगळे मेले. दारावरचा माणूस म्हणाला, जा की आत, आज कोण येत नाही. ती चप्पल हातात घेऊन शिरली. सगळ्या खाटांवर माणसं उताणी पडून गप्पा मारत होती. कृष्णात शेजारच्या खाटेवरच्या माणसाबरोबर कशावर तरी हसत होता. त्यानं तिला बघितलं आणि हसणं थांबलं.

ती मागं सरली.

"ए वैजे! कुठं पळतीस? मेलीस का काय म्हटलं मी!"

"मला... मला बघून तुमाला धाप लागती म्हणं."

"कोण म्हंतंय?"

"आत्ती."

"आईला काय कळतंय! सोमवारी समद्यांलाच लागती. पार त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला लागती, त्याला तर बघायला कुत्रंबी येत न्हाई. मी तुला सांगाय बघतोय, सांगाय बघतोय, दमच पुरत न्हाई. आन् तू यायचीच बंद झालीस. फोन म्हणावं तर हितं आत आणू देत न्हाईत, पेटीला तरास हुतो म्हणं."

ती खाटेच्या लोखंडी कडेला टेकली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. कृष्णातनं नळी सांभाळत हात लांब केला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला, मोठ्यानं खाकरला आणि म्हणाला, "माझं काय लक्ष न्हाई हं वैनी. चालू द्या तुमचं."

तो शिवाप्पा हुक्केरी. निपाणीकडचा, क्रशरवर जन्म गेलेला. त्याची जीभ एवढी तिखट की नर्सासुद्धा त्याचं तापमान दोघी मिळून घ्यायच्या.

"आमाला इतवारी सुट्टी असती, वैनी," तो म्हणाला. "शनवारी अर्धी. सोमवारी ही पेटी दोन दिसाचं साठलेलं वसूल करती. पण सणाला सुट्टी न्हाई बगा. गणपतीत जीव काढला. दिवाळीत पाडव्याला तर मी बायकोचं तोंडबी बघितलं न्हाई, डोळ्याम्होरं काजवं. आन् गेल्या नाताळाला? हे असं गार पडलेलो. तवा मी म्हटलं, कृष्णा, ह्या पेटीचा देव सायबाचा हाय."

कृष्णात हसला. वैजयंता हसली नाही.

"भजनाचं सांग की तिला," कृष्णात म्हणाला.

शिवाप्पाचा आवाज उतरला. "एकदा सांजच्याला मी भजन धरलं. समद्यांनी धरलं. भजनात काय हुतं, एकाच टायमाला समदी श्वास घेत्यात. दोन ओळी झाल्या आसतील. आन् पेट्या अशा बिथरल्या वैनी... एकेकाला निराळी धाप. जशी कुणी आमची वळलेली मूठ सोडवली. तवापास्नं हितं कोण गात न्हाई."

बसमध्ये वैजयंताच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आत्ती एकट्या गेल्या होत्या तो एप्रिलातला सोमवार. शेजारच्या सीटवर चर्चमधून परतणारी एक नर्सबाई होती. तिला वैजयंतानं विचारलं, "बाई, एप्रिलात तुमचा सोमवारी सण असतो का हो?"

"ईस्टरनंतरचा सोमवार. आपल्याकडं विशेष नसतो. परदेशात सगळं बंद असतं."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि दमघराच्या प्रमुख डॉक्टर सुमेधा हेरवाडकर यांच्या दारात जाऊन बसली. दुपार झाली, हॉलमधून धापेचा आवाज सुरू झाला, तेव्हा तिला आत बोलावलं.

"पेटी कुणाची सुट्टी पाळती, बाई?" तिनं विचारलं.

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडावर चोरी नव्हती, हेच भयंकर. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि शाळेत सांगावं तसं सांगितलं.

"एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या बँकेला पैसे पाठवते, तेव्हा त्या निरोपाला कुलूप लावावं लागतं. कुलपाची किल्ली म्हणजे एक लांबलचक संख्या. ती कुणालाही ओळखता येता कामा नये. पूर्वी संगणक अशा संख्या बनवायचे. मग नवे, जास्त ताकदीचे संगणक आले आणि त्यांना त्या ओळखता यायला लागल्या. मग निसर्गातून संख्या घ्यायचं ठरलं. प्रकाशाचे कण, किरणोत्सर्ग, असं. पण ते मोजणारं यंत्र कुठल्यातरी देशात बनतं. बनवणाऱ्यानं आत चोरवाट ठेवली असेल तर? आज कुठलाच देश दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास ठेवत नाही. सगळ्यांना चालेल अशी एकच वस्तू उरली. माणसाचं शरीर. ते कुठल्याच देशाच्या कारखान्यात बनत नाही."

"म्हंजे?"

"शांत माणसाचा श्वास ओळखता येतो, एका तालात गाणाऱ्यांचाही. गुदमरणारा माणूस पुढचा श्वास कधी घेईल, केवढा घेईल, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्यातून अतिशय शुद्ध संख्या मिळतात. बँकांमध्ये देवघेव वाढली की पेट्या वायू जरासा आवळतात. धोक्याच्या खूप अलीकडं थांबतात."

"माझ्या नवऱ्याला तुमी मुद्दाम धाप लावतासा."

"थोडी. त्या बदल्यात या हॉलमधला प्रत्येक माणूस जिवंत आहे. बँका पैसे देतात म्हणून हे फुकट आहे. नाहीतर तुमच्या नवऱ्याला कुणी वाचवलं असतं?"

"तुमी सांगटलं का न्हाई?"

"कुणी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. आणि खरंच, कुणी विचारलं नव्हतं. पोट भरलेल्यालाच, फुकट का, असं विचारता येतं.

वैजयंतानं नखातली वाळू काढत विचारलं, "त्यांची फुफ्फुसं बरी झाली का?"

डॉक्टर म्हणाल्या, "बऱ्यापैकी."

"मग सोडत का न्हाईसा?"

"नियम आहे. सलग सात दिवस धाप लागली नाही, तरच पेटी सोडायची चाचणी घेता येते."

वैजयंता हसली. हसू तिचं तिलाच ओळखू आलं नाही. "बाई, सात दिवसांत सोमवार येतोच की."

या नियमावर कुणाचा होकार आहे? तुमचा. दमघर सुरू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत त्या हॉलमधून कुणी चालत बाहेर आलं का, हे तुम्ही विचारलंत? नाही. डॉक्टरांनी विचारलं असेल स्वतःला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं. वैजयंता उठायला लागली, तेव्हा त्याच म्हणाल्या, टेबलाकडं बघत, "संमती परत घेता येते. तुम्ही दिली होती, तुम्हीच घेऊ शकता. घेतलीत की त्याच दिवशी मला नळी काढावी लागते. पण धापेत असताना काढली तर..."

त्या वर्षी नाताळ शुक्रवारी होता. शुक्रवार, शनिवार, रविवार. साहेबाची सलग सुट्टी.

मधल्या रविवारी तिनं पुन्हा रजा टाकली आणि कृष्णातला सगळं सांगितलं. त्याला बँकांचं फारसं काही वाटलं नाही. "माझी धाप बँकेत?" तो म्हणाला. "मला तर बँकेत स्लिप भरायची म्हटलं तरी घाम फुटायचा."

"गेल्या टायमाला तुमी न्हाई म्हणालासा आन् मी व्हय म्हटलं," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा. काढू, का ठेवू?"

"काढल्यावर गेलो तर?"

"तर मी समोर असंन."

"आन् ठेवल्यावर?"

"तर सोमवार असंल."

कृष्णातनं वरच्या पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आईला काय सांगू नको. तिला वाटंल पुन्हा तूच."

नाताळच्या सकाळी डॉक्टर हेरवाडकर स्वतः आल्या. पेटीतला वायू त्यांनी हळूहळू कमी केला. प्रत्येक खटक्याला थांबून कृष्णातच्या छातीकडं बघायच्या. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. जुन्या दाराची कडी तेल घातल्यावर हलते तशी, आधी कुरकुरत, मग सरळ. दुपारी नळी निघाली. हिरवा दिवा विझला. कृष्णात म्हणाला, "मटण हाय का?" आणि शिवाप्पानं टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी त्याला चार दिवस तिथंच नजरेखाली ठेवलं. त्यामुळं सोमवार त्यानं त्या हॉलमध्येच, पण नळीशिवाय बघितला.

दुपारी सुरू झालं. सगळा हॉल धापायला लागला, आणि मध्ये एकटा कृष्णात शांत. त्याला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली, मग भीती. रोजच्यापेक्षा आवाज मोठा होता. एक छाती कमी झाली म्हणून बँका थांबत नाहीत; त्याचा वाटा बाकीच्यांवर पडला होता, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या खाटेवर. शिवाप्पाचे डोळे त्याच्यावर खिळले होते. पहिल्यांदाच त्या माणसाच्या तोंडून विनोद आला नाही. कृष्णातनं त्याचा हात धरला. शिवाप्पानं तो सोडवून घेतला. रागानं की घुसमटीनं, कृष्णातला कळलं नाही, आणि आता कधी कळणार नाही. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी शिवाप्पा गेला.

कृष्णात उचगावला घरी आला. आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. वैजयंतानं त्यांना सगळं सांगितलं, ईस्टरच्या सोमवारासकट. त्या ऐकून घेत राहिल्या. माफीबिफी काही मागितली नाही, पण त्या दिवसापासून पहिली भाकरी सुनेच्या ताटात पडायला लागली, आणि वैजयंतानंही ती गपचूप खाल्ली.

पहिला सोमवार उजाडला. दुपारी जेवून कृष्णात उंबऱ्यावर सुपारी कातरत बसला होता. अडकित्ता हातातून पडला. वैजयंता मोरीवरून धावत आली, तर तो दोन्ही हात जमिनीला टेकून धापत होता. नळी नाही, पेटी नाही. कागल तिकडं कुठल्या कुठं. संध्याकाळ उलटल्यावर थांबलं.

डॉक्टर हेरवाडकरांनी तपासलं. फोटो काढले, रक्त तपासलं. आत काही राहिलेलं नव्हतं. फुफ्फुसं चांगली, रक्त चांगलं. "सवय आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर शरीरानं एक वेळापत्रक पाळलं. शरीराला वार कळतात. हळूहळू विसरेल."

पटण्यासारखं होतं. वैजयंतानं मनाला पटवून घेतलं. सोमवारी जास्त, मंगळवार ते शुक्रवार कमी, रविवारी अजिबात नाही. सवय म्हणजे अशीच असते. ती सोमवारी त्याच्या पाठीशी बसायची, तळहात पाठीवर ठेवून. धापेतही तो तिच्याकडं बघायचा, आणि ते मोठे डोळे रागाचे नाहीत हे आता तिला ठाऊक होतं. तेवढ्यावर ती जगत होती.

मग फेब्रुवारीत एक बुधवार आला. इथं सण नाही, तिथं सण नाही, साधा बुधवार. दुपारची वेळ टळली तरी धाप आली नाही. कृष्णात भिंतीला टेकून झोपी गेला. असा झोपला की वैजयंतानं दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं. "सुटला," आत्ती म्हणाल्या. "इसरलं शरीर. डॉक्टरीण म्हणालीच हुती." त्यांनी शेवयांची खीर टाकली. कृष्णात दिवेलागणीला उठला, दोन वाट्या खीर खाल्ली, बायकोला म्हणाला, उद्यापासनं मी बी काम बघतो, धुळीचं सोडून कायबी.

टीव्ही चालू होता. बातम्या वाचणारी बाई सांगत होती, की समुद्राखालच्या केबल तुटल्यामुळं जगभरातल्या बँकांची आपसांतली देवघेव आज दुपारपासून ठप्प आहे.

वैजयंताच्या हातातली वाटी तशीच राहिली. आत्तींना काही कळलं नव्हतं, त्या कृष्णातच्या वाटीत आणखी खीर वाढत होत्या.

आणि कृष्णातनं वाटी खाली ठेवली. आधी एक श्वास अडकला. मग दुसरा भराभर. मग मध्येच थांबला, आणि एकदम. छाती भात्यासारखी हलायला लागली. वैजयंता त्याच्याकडं झेपावली, तिनं त्याचं डोकं उराशी धरलं, आणि तेव्हा तिच्या पाठीमागून टीव्हीतली बाई म्हणाली, "आत्ताच हाती आलेल्या माहितीनुसार, व्यवहार पुन्हा सुरू झाले आहेत."

बातमी नंतर आली. धाप आधी आली होती.

डॉक्टर हेरवाडकरांनी हे सगळं तुम्हाला कळवलं, आणि मग नोकरी सोडली. वैजयंतानं कळवलं. तुमच्याकडून दोघींना एकाच शब्दाचं उत्तर आलं: सवय. शरीराला वार कळतात, हे मान्य करू. समुद्राच्या तळाशी तार कधी तुटली आणि कधी जोडली, हे उचगावात खीर खात बसलेल्या माणसाच्या छातीला कुणी कळवलं? आणि दमघरं तर तुम्ही वाढवताय. कागलच्या पुढं एक होतं. आता ऐकतोय की जिल्ह्याजिल्ह्याला एक होणार.

येत्या सोमवारी दुपारी वैजयंता पुन्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसणार आहे. नळी होती तेव्हा काय काढायचं ते तिला दिसत होतं. आता काय काढायचं? तुम्हीच सांगा. सवय म्हणू नका. उत्तर द्या.